मकबूल फिदा हुसेन : कीर्ति आणि वनवास

कलावंताच्या वांट्यास येणारी कीर्ति दोन प्रकारची असते. एक त्याच्या कृतीच्या परिचयानें रसिकांच्या मनांत हळूहळू रुजत जाते. दुसरी कृतीशीं फारसा संबंध न ठेवतां केवळ नांवाच्या बळावर चोहोंकडे पसरते. पहिलीस वेळ लागतो, परंतु ती कलावंताचें रक्षण करते. दुसरी एका रात्रींत अपकीर्तीचें रूप घेऊं शकते, कारण तिच्या मुळाशीं पाहिलेलें असें कांहींच नसतें. मकबूल फिदा हुसेन यांस या दोन्ही कीर्ति भरपूर लाभल्या, आणि दुसरीनें अखेर पहिलीवर मात केली. त्यांच्या दीर्घ व वादग्रस्त आयुष्याचा हा अर्थ मला अलीकडेच उमगला, म्हणून हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

कांहीं दिवसांपूर्वीं वर्गांत शिकवितांना ओघानें हुसेन यांचें नांव निघालें. त्यांच्याविषयीं कोणाचें कांहीं मत आहे काय, असें मीं विचारतांच बहुतेक सर्व हात वर झाले. कोणी त्यांस देवतांची विटंबना करणारा म्हटलें, कोणी कलास्वातंत्र्याचा हुतात्मा म्हटलें. मग मीं विचारलें, त्यांचें एखादें चित्र समक्ष उभें राहून कोणीं पाहिलें आहे? दोनच हात वर राहिले. विद्यार्थ्यांस हसण्याचा अधिकार मात्र मला नव्हता. १९९६ सालीं जेव्हां हा वाद पेटला तेव्हां मी ऐन पंचविशींत होतों, आणि मित्रमंडळींत हुसेन यांची बाजू मोठ्या आवेशानें मांडीत असें. ज्या रेखाचित्रावरून एवढें रण माजलें होतें तें मीं पाहिलेलें नव्हतें. आणि पाहिलें पाहिजे असें वाटलेंही नव्हतें.

हुसेन यांचा जन्म १७ सप्टेंबर १९१५ रोजीं पंढरपुरास सुलेमानी बोहरा पंथाच्या एका साध्या कुटुंबांत झाला, असें सामान्यतः मानलें जातें. आजोबा अब्दुल पत्र्याचें व कंदिलांचें काम करीत. हा कंदील पुढें नातवाच्या चित्रांत कायमचा लटकला. मूल दीड वर्षाचें असतांनाच आई झैनब वारली. तिचें छायाचित्रही मागें उरलें नव्हतें. पंढरपूरच्या इतर बायकांप्रमाणें ती नऊवारी लुगडें नेसे, एवढीच तिची ओळख मुलाजवळ राहिली. त्यांच्या चित्रांत लुगडें नेसलेल्या, परंतु चेहरा कोराच असलेल्या स्त्रिया वारंवार आढळतात. मदर तेरेसांवरील प्रसिद्ध मालिकेंतही निळ्या कांठाच्या पांढऱ्या वस्त्राच्या घड्या आहेत आणि आंत चेहऱ्याच्या जागीं पोकळी आहे. आईचा चेहरा आपणांस आठवत नाहीं, असें ते याविषयीं सांगत. ज्या कोऱ्या चेहऱ्यांस पुढें कित्येकांनीं उद्दामपणा मानलें, त्यांचें मूळ एका पोरक्या मुलाच्या स्मृतींत आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

वडिलांनीं दुसरें लग्न केलें व बिऱ्हाड इंदुरास हलविलें. तेथें दत्तात्रेय दामोदर देवळालीकर यांची चित्रशाळा होती. नारायण श्रीधर बेंद्रे यांच्यासारखे चित्रकार जिनें घडविले, त्याच शाळेच्या सायंकाळच्या वर्गांत हुसेन यांनीं रेखांकनाचे धडे गिरविले. त्यापूर्वीं मदरशांत अक्षरलेखनाचे संस्कार हातावर झालेच होते. त्यांच्या रेषेंत जो वेग व जो निश्चय पुढें दिसतो, त्याची पूर्वपीठिका ही अशी आहे: एक हात अरबी अक्षराच्या वळणावर तयार झालेला, आणि डोळा एका मराठी गुरूच्या शाळेंत तयार झालेला.

तिसाव्या दशकांत ते मुंबईस आले आणि पोटासाठीं सिनेमाचे जाहिरातफलक रंगवूं लागले. या धंद्यांत चौरस फुटाच्या हिशेबानें कांहीं आण्यांची मजुरी मिळे. शिडीवर उभें राहून, जवळून सबंध आकृति कधींच न दिसतां, दहा-दहा फुटांचे चेहरे रंगवावयाचे. आणि तेही अशा रीतीनें कीं ट्रामगाडींतून जाणाऱ्या माणसाच्या नजरेंत तें क्षणार्धांत भरावें. हुसेन यांच्या कलेचे गुण आणि दोष या दोहोंचा उगम मला या शिडीवर दिसतो. रेषेचा जोम, रंगांचा ठाशीवपणा, दुरूनही ओळख पटविणारी आकृति, हे गुण तेथले. आणि गर्दीची नजर आपल्याकडे वळविण्याची कधींच न शमलेली हौसही तेथलीच. १९४१ सालीं फजीला यांच्याशीं विवाह झाल्यावर संसार चालविण्यासाठीं त्यांनीं लांकडी खेळणीं व लहान मुलांसाठीं फर्निचर यांचे नमुने तयार करण्याची नोकरीही केली. चित्रकार म्हणून त्यांचें नांव प्रथम झालें तें १९४७ सालीं, बाँबे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांत.

त्याच वर्षीं फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या पुढाकारानें प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. गोव्याचे ख्रिस्ती सूझा, मध्यप्रांतांतून आलेले सय्यद हैदर रझा, घरगडी म्हणून काम करून व मोटारी धुऊन चित्रकलेचा छंद जोपासणारे कृष्णाजी आरा, हरी अंबादास गाडे, शिल्पकार सदानंद बाकरे आणि हुसेन अशा सहा जणांचा हा मेळा होता. देशाची फाळणी होऊन रक्ताचे पाट वाहत असतां मुंबईंत निरनिराळ्या धर्मांचे व थरांचे हे तरुण एकत्र बसून भारतीय चित्रकला कशी असावी याचा खल करीत होते. १९४८ सालीं सूझा यांच्यासह हुसेन दिल्लीस गेले आणि तेथें भरलेल्या प्राचीन भारतीय कलेच्या प्रदर्शनांत त्यांनीं मथुरेचीं शिल्पें व पहाडी लघुचित्रें पाहिलीं. देहाची डौलदार त्रिभंग ठेवण त्यांनीं शिल्पांतून उचलली, बसोलीच्या चित्रांतून पेटते सपाट रंग घेतले; या दोहोंत भारतीय खेड्यांतील रोजच्या जीवनाचा भोळेपणा त्यांनीं मिसळला. प्राचीन देवमूर्तींकडे ते वळले ते चाळिसाव्या दशकांत, कोणास चिडविण्यासाठीं नव्हे, तर शिकण्यासाठीं वळले.

या शिक्षणाचें फळ पुढील दहा वर्षांत दिसून आलें. 'जमीन' हें सुमारें अठरा फूट लांबीचें चित्र १९५५ सालीं ललित कला अकादमीच्या पहिल्या राष्ट्रीय प्रदर्शनांत पारितोषिकास पात्र ठरलें. १९५६ च्या 'कोळी आणि दिवा' या आशयाच्या चित्रांत पांच स्त्रिया उभ्या आहेत. एकीच्या हातीं कंदील, एकीच्या हातून लोंबणारा कोळी, आणि वर कोणासही न लागणारी लिपि. चीनच्या प्रवासांत पाहिलेल्या तांग काळांतील मातीच्या घोड्यांचा ठसा त्यांच्या अश्वमालिकेवर उमटला. १९६७ सालीं फिल्म्स डिव्हिजनसाठीं राजस्थानांत त्यांनीं जो छोटा चित्रपट केला, त्यास बर्लिनच्या महोत्सवांत सुवर्ण अस्वलाचा मान मिळाला.

पुढील वादाच्या दृष्टीनें याच काळांतील दुसरी एक हकीकत अधिक महत्त्वाची आहे. राममनोहर लोहियांनीं हुसेन यांस एकदां सुचविलें कीं, धनिकांच्या दिवाणखान्यांत लटकण्यापेक्षां रामायण रंगवा, कारण तें या देशांतील सामान्य माणसाच्या अंतःकरणांत आहे. हुसेन यांनीं तो सल्ला मानला. हैद्राबादेस बदरीविशाल पित्ती यांच्या आश्रयानें कित्येक वर्षे खपून त्यांनीं रामायणावर सुमारें दीडशें चित्रें काढलीं, आणि त्यांतील कांहीं बैलगाडींत घालून आसपासच्या खेड्यांत नेऊन दाखविलीं. गांवकऱ्यांस तीं उपरीं वाटलीं नाहींत, असें ते पुढें मोठ्या समाधानानें सांगत. १९७१ सालीं ब्राझीलमधील साओ पावलोच्या द्वैवार्षिक प्रदर्शनास पिकासोबरोबर त्यांस खास निमंत्रण आलें, तेव्हां त्यांनीं नेलें तें महाभारत. एक मुसलमान चित्रकार रामायण-महाभारताकडे परका म्हणून गेला नाहीं. तें आपलें घरचें धन आहे अशा विश्वासानें तो गेला. या विश्वासाचा हक्क त्यास होता कीं नाहीं, याच प्रश्नावर पुढें त्याचें आयुष्य उलटेंपालटें झालें.

मराठी वाचकांस जवळची वाटेल अशी आणखी एक आठवण आहे. १९६४ च्या सप्टेंबरांत मराठी घराण्यांत जन्मलेले हिंदीचे थोर कवि गजानन माधव मुक्तिबोध दिल्लीस वारले. त्यांच्या अंत्ययात्रेंत हुसेन अनवाणी चालले आणि तेव्हांपासून त्यांनीं पादत्राणें सोडलीं, असें सांगतात. परंतु शोकांतून उपजलेली ही गोष्टही कालांतरानें त्यांच्या प्रसिद्धीचा भाग झाली. पांढरी दाढी, हातांत कुंचल्याएवढी लांब काठी आणि अनवाणी पाय ही मूर्ति ज्यांनीं एकही चित्र पाहिलें नव्हतें त्यांसही ठाऊक झाली.

येथें हुसेन यांच्या दोषांकडे डोळेझांक करणें उचित होणार नाहीं. सत्ता आणि वलय यांचें त्यांस आकर्षण होतें. १९७५ सालीं आणीबाणी पुकारली गेली तेव्हां त्यांनीं इंदिरा गांधींस दुर्गेच्या रूपांत रंगविलें. त्याच वर्षाच्या अखेरीस कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत यांनीं लेखनस्वातंत्र्याच्या गळचेपीचा निषेध केला आणि पुढें तुरुंगवास पत्करला. या दोन घटना शेजारीं ठेवल्या म्हणजे हुसेन यांचा कमीपणा झांकला जात नाहीं. पद्म पुरस्कारांच्या पायऱ्या चढत ते १९९१ सालीं पद्मविभूषणापर्यंत पोंचले. १९८६ पासून सहा वर्षें राज्यसभेचे नामनियुक्त सभासद होते. माधुरी दीक्षित या अभिनेत्रीवर भाळून त्यांनीं चित्रांची रास रचली आणि २००० सालीं 'गजगामिनी' हा चित्रपट काढला. लोकांसमोर मंचावर झरझर चित्र काढून टाळ्या घेण्याचा मोहही त्यांस आवरला नाहीं. हजारों चित्रांच्या या पसाऱ्यांत पुनरुक्ति पुष्कळ आहे, आणि कांहीं ठिकाणीं केवळ सहीची किंमत आहे. गर्दी जमविण्याची कला ते शिडीवर शिकले होते. जमलेली गर्दी कोणत्या बाजूस वळेल हें मात्र कोणाच्याच हातीं नसतें.

ती वळली १९९६ सालीं. भोपाळच्या 'विचार मीमांसा' या हिंदी मासिकानें हुसेन यांचीं सत्तरच्या दशकांतील कांहीं रेखाचित्रें छापून, हा चित्रकार कीं खाटीक, असा सवाल मथळ्यांतच टाकला. त्यांत सरस्वतीचें विवस्त्र रेखाचित्र होतें. सुमारें वीस वर्षे जें चित्र कोणास खुपलें नव्हतें, तें एकाएकीं गांवोगांव संतापाचा विषय झालें. खटले गुदरले गेले. त्या ऑक्टोबरांत अहमदाबादेंत त्यांच्या चित्रांच्या दालनावर बजरंग दलाच्या लोकांनीं हल्ला करून कित्येक कलाकृति नष्ट केल्या. हुसेन यांनीं दिलगिरी व्यक्त केली. १९९८ च्या मे महिन्यांत मुंबईंतील त्यांच्या राहत्या घराचीही मोडतोड झाली.

या वादांत दोन्ही पक्षांचे युक्तिवाद मला अपुरे वाटतात. हुसेन यांच्या कैवाऱ्यांनीं, आणि त्यांत मीही होतों, लगेच खजुराहो व कोणार्क पुढें केले. परंतु देवळाच्या भिंतीवरील मूर्ति ज्या श्रद्धेच्या वातावरणांत उभी असते तें वातावरण मासिकाच्या पानावर नसतें. आणि भाविकास झालेलें दुःख शिल्पशास्त्राचे दाखले देऊन दूर होत नाहीं. ज्या घरांत वसंतपंचमीस सरस्वतीची पूजा होते, तेथील एखाद्या वृद्ध स्त्रीस तें रेखाचित्र पाहून वाईट वाटलें, तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणासही नाहीं. तिला तें वाईट आहे असें म्हणण्याचा, लिहिण्याचा, प्रदर्शनाकडे पाठ फिरविण्याचा पूर्ण हक्क आहे. परंतु ज्यांनीं दालनांत घुसून चित्रें जाळलीं त्यांस त्या वृद्धेचें दुःख झालें होतें असें समजणें हा तिचाच अपमान होईल. दुःख झालेला मनुष्य डोळे मिटतो. चित्र फाडण्यासाठीं तें शोधीत फिरत नाहीं. शिवाय कलावंताचा हेतु ठरवितांना प्रथम त्याच्या धर्माकडे पाहण्यांत आलें. रामायणाचीं दीडशें चित्रें कोणीं साक्षीस बोलाविलीं नाहींत. एक रेखाचित्र आणि एक मुसलमानी नांव एवढ्यावर निकाल झाला.

मुंबईस असा प्रसंग नवा नव्हता. १९५४ सालीं अकबर पदमसी यांच्या जहांगीर कलादालनांतील एका चित्रावर पोलिसांनीं अश्लीलतेचा ठपका ठेवला होता. प्रकरण न्यायालयांत गेलें, चित्रकार निर्दोष सुटला, आणि तो विषय तेथेंच मिटला. वादी सरकार होतें, आणि सरकारनें न्यायालयाचा निर्णय मानला. हुसेन यांच्या बाबतींत न्यायालयें मागें राहिलीं नाहींत. २००४ च्या एप्रिलांत दिल्ली उच्च न्यायालयानें देवतांच्या चित्रांवरील खटले रद्द केले. २००६ सालीं, काश्मीरच्या भूकंपग्रस्तांच्या साहाय्यार्थ विक्रीस काढलेल्या एका चित्राची जाहिरात 'भारतमाता' या नांवानें प्रसिद्ध झाली, आणि हिंदुस्थानच्या नकाशाशीं एकरूप झालेली ती विवस्त्र स्त्री पाहून पुन्हां काहूर उठलें. हुसेन यांनीं क्षमा मागितली, चित्र मागें घेतलें. ८ मे २००८ रोजीं न्यायमूर्ति संजय किशन कौल यांनीं याही प्रकरणांतील कारवाई रद्द केली, आणि नव्वदी गांठलेल्या चित्रकाराची जागा त्याच्या घरीं, त्याच्या चित्रफलकापुढें आहे, अशा आशयाचा अभिप्राय दिला. त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय उचलून धरला. परंतु या खेपेस वादी झुंड होती, आणि झुंड न्यायालयाचा निर्णय मानण्यास बांधलेली नसते. हुसेन २००६ सालींच देश सोडून गेले होते. ते परतले नाहींत.

इंग्रजी कलेच्या इतिहासांत व्हिस्लर या चित्रकाराचा खटला प्रसिद्ध आहे. रस्किनच्या बोचऱ्या टीकेविरुद्ध त्यानें फिर्याद केली आणि १८७८ सालीं ती जिंकली. नुकसानभरपाई म्हणून त्यास एक फार्दिंग मिळाला, आणि पुढच्याच वर्षीं त्याचें दिवाळें निघालें. न्याय मिळणें आणि नुकसान भरून निघणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें विद्यार्थ्यांस समजावून सांगण्यासाठीं मी हें उदाहरण देत असें. आतां मला त्यासाठीं इंग्लंडपर्यंत जाण्याचें कारण उरलेलें नाहीं.

एक आक्षेप मात्र टाळतां येत नाहीं. २००४ सालीं त्यांच्या 'मीनाक्षी' या चित्रपटांतील एका गीतावर कांहीं मुस्लिम संघटनांनीं हरकत घेतली आणि तो चित्रपटगृहांतून काढून घेण्यांत आला. तेथें हुसेन यांनीं माघार घेतली, मग येथें हट्ट कां, असें विचारलें जातें. पुढें २०१० सालीं त्यांनीं कतारचें नागरिकत्व स्वीकारलें. कायद्याप्रमाणें भारतीय पारपत्र परत करणें भाग पडलें. स्वधर्माच्या देवतेचें, राजाचें असें चित्र काढण्याची मोकळीक त्या देशांत मिळाली असती काय, हाही प्रश्न विचारण्यांत येतो. मिळाली नसती, हें उघड आहे. परंतु खोलांत पाहिलें तर हा आक्षेप हुसेन यांच्यापेक्षां आपल्यावरच येतो. त्यांनीं माघार दोन्हीकडे घेतली, क्षमाही मागितली. ते वीरपुरुष नव्हते, आणि चित्रकारानें वीरपुरुष असलें पाहिजे असा नियम नाहीं. कतारमध्यें जें मिळालें नसतें तें येथें मिळत होतें, हेंच तर या देशाचें मोठेपण होतें. तें आपण कतारच्या मापानें मोजूं लागलों तर आपल्याजवळ काय शिल्लक राहिलें?

९ जून २०११ रोजीं लंडनच्या एका रुग्णालयांत हुसेन यांचें देहावसान झालें. त्यांस इंग्लंडांतच ब्रुकवूडच्या दफनभूमींत मूठमाती देण्यांत आली. अखेरच्या वर्षांत एकीकडे अरब संस्कृतीवर आणि दुसरीकडे भारतीय संस्कृतीवर अशा दोन भव्य चित्रमालिका त्यांच्या हातून चालल्या होत्या. भारतीय मालिकेंतील आठ त्रिपुटचित्रें २०१४ सालीं लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांत मांडलीं गेलीं. १९५४ सालचें 'ग्रामयात्रा' हें त्यांचें सुमारें चौदा फूट लांबीचें चित्र एका डॉक्टरानें त्याच वर्षीं विकत घेऊन नॉर्वेस नेलें होतें. तें ऑस्लोच्या रुग्णालयाच्या मालकीचें होऊन अनेक दशकें जगाच्या नजरेआड राहिलें. १९ मार्च २०२५ रोजीं न्यूयॉर्कच्या लिलावांत त्यास एक कोटि साडेसदतीस लाख डॉलर किंमत आली. आधुनिक भारतीय चित्रास तोंवर कधीं एवढी रक्कम मिळाली नव्हती. वर्तमानपत्रांत ती रक्कम ठळक टाइपांत छापून आली. चित्रांत काय आहे हें वाचण्यासाठीं मात्र बरेच खालीं यावें लागत होतें: जात्यावर दळणारी बाई, बैलगाडी, मूल घेतलेली आई, शेतकरी. त्याच वर्षाच्या अखेरीस हुसेन यांच्या नांवाचें संग्रहालय उघडलें, तें दोहा येथें.

वर्गांतील त्या प्रश्नानंतर दिल्लीस जाण्याचा योग आला, तेव्हां राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत 'जमीन' समोर मी बराच वेळ उभा राहिलों. दालनांत दुसरें कोणी नव्हतें. चित्र एका दृष्टिक्षेपांत मावत नाहीं. एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत चालत जावें लागतें, रस्त्यानें जातांना खेडें दिसावें तसें. त्यांत सुपांत पाखडणारी बाई आहे, चाक आहे, जनावरें आहेत, मातीचा लाल-पिंवळा रंग आहे. हें चित्र कोणास आवडणार नाहीं असें मी म्हणत नाहीं. आवडलेंच पाहिजे असेंही म्हणत नाहीं. माझ्या मनांत आलें तें एवढेंच कीं, तीस वर्षांपूर्वीं मीं ज्यांच्यासाठीं भांडण केलें आणि माझे जे मित्र ज्यांच्याविरुद्ध भांडले, ते हुसेन आम्हां कोणाच्याही ओळखीचे नव्हते. आम्हीं एका नांवाचा पक्ष घेतला होता, आणि नांवास वनवासास धाडणें फार सोपें असतें. ज्या समाजानें ती रामायणाची बैलगाडी पाहिली होती त्याच्या हातून हें घडलें नसतें. घडलें तें ज्यांनीं ती पाहिली नव्हती त्यांच्याकडून, आणि त्यांत दोन्ही पक्ष आले.

पंढरपुरांत जन्मलेलें एक पोरकें मूल आईचें नऊवारी लुगडें आयुष्यभर रंगवीत राहिलें, आणि परक्या देशांत मातीआड झालें. त्याचीं कांहीं चित्रें उत्तम आहेत, कांहीं सामान्य, कांहीं टाकाऊ. तें ठरविण्याचा अधिकार आपला आहे. परंतु तो पाहणाऱ्याचा अधिकार आहे. येत्या सुटींत त्याच वर्गास घेऊन दिल्लीस जाण्याचा मीं बेत केला आहे. परत आल्यावर पहिलाच प्रश्न पुन्हां विचारीन. या खेपेस कदाचित् हात कमी वर होतील. पण जे होतील त्यांचें मत ऐकण्याजोगें असेल.